मातीला जाणारी माणसे

दिवाळीच्या अंकात मयताचा विषय काढणाराला वाचक सहजी क्षमा करणार नाहीत, हे मी जाणून आहे. चकल्या-करंज्यांच्या ताटाशेजारी उघडायचा हा अंक. त्यात तिरडी, मडके आणि स्मशान यांची चर्चा कशाला, असे कुणी म्हटले तर ते गैर नाही. परंतु आपली दिवाळी यमाला विसरलेली नाही, याची आठवण मी आधीच करून देतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरातली वडीलधारी बाई कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवते, तो यमासाठी. नरकचतुर्दशीला यमतर्पण सांगितले आहे. आणि भाऊबीज म्हणजे तर यमद्वितीया. यम बहिणीच्या घरी जेवायला गेला तो दिवस. ज्या सणात यमाला दिवाही मिळतो आणि पानही मांडले जाते, त्या सणाच्या अंकात त्याच्या वाटेवरच्या माणसांना चार पाने मिळायला हरकत नसावी.

खेड्यापाड्यांतल्या मराठीत एक प्रयोग आहे: 'मातीला जाणे'. शेजारच्या गावी कुणी वारले, की माणसे हातातले काम टाकून निघतात आणि संध्याकाळी परत आल्यावर 'मातीला गेलो होतो' एवढेच सांगतात. प्रेत पुरले असो की जाळले असो, शब्द मातीचाच. या शब्दात शोक नाही, नाते नाही, धर्मही नाही; केवळ जाणे आहे. गेलेला माणूस आवडता होता की नावडता, त्याच्याशी बांधाचे भांडण होते की सोयरिकीचा संबंध होता, हे तो शब्द विचारत नाही. आपल्या समाजाने मरणाभोवती जी व्यवस्था उभी केली तिचा सगळा अर्थ या दोन शब्दांत आला आहे, असे मला वाटते. आणि म्हणूनच एक प्रश्न मला पडतो, तो शुद्ध वाङ्मयीन आहे: आपल्या साहित्याने मातीला जाणाऱ्या या माणसांकडे कधी पाहिले आहे काय?

मरणाकडे त्याने पाहिले आहे, यात शंका नाही. विलापिका आहेत, मृत्युचिंतने आहेत; कादंबऱ्यांतून मृत्युशय्येची प्रकरणे तर इतकी आहेत की आपल्या नायक-नायिकांना क्षयाची एक सवयच लागली होती. परंतु या सगळ्या लेखनात मरण येऊन गेले की प्रकरण संपते. नायिकेचा हात खाली पडतो, खोलीतला दिवा फडफडतो, आणि पुढच्या पानावर सहा महिने उलटलेले असतात. मधल्या सहा-सात तासांत काय झाले? पाणी कुणी तापवले? अंघोळ कुणी घातली? हनुवटी फडक्याने वर बांधून कुणी धरली, पायांचे अंगठे कुणी जुळवून बांधले? बांबू कुणी आणले, आडव्या काठ्या किती लागतात हे कुणाला ठाऊक होते, सुतळीचा पीळ कुणी दिला? विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवून पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे कुणी केले? लाकडे मोजून कुणी घेतली, आणि सगळे आटोपल्यावर ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी पिठलेभात कुणी नेऊन ठेवला? हे सगळे कुणीतरी करते. ते दाखवायला लेखकाने कुठल्या विशेष अनुभवाची वाट पाहायला हवी असेही नाही, कारण प्रत्येक घराने ते पाहिले आहे. तरीही आपल्या साहित्यात हे तास बहुतेक कोरे आहेत.

याचे एक सोपे उत्तर असे देता येईल की, हा भाग विधीचा आहे आणि आधुनिक लेखकाला विधींचा कंटाळा असतो. ते मला पुरेसे वाटत नाही. वर सांगितलेल्या कामांत विधी थोडा आहे आणि मेहनत पुष्कळ आहे. मंत्र न म्हणता ही सगळी कामे होऊ शकतात. पण ही कामे न होता मंत्र मात्र म्हणता येत नाहीत. शिवाय मंत्र धर्माप्रमाणे बदलतात, कामे बदलत नाहीत. मुसलमानांत मयताला गुस्ल घालायचे ते शक्यतो जवळच्या माणसांनी. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत कोंफ्रारियाचे बांधव अंत्ययात्रेला येतात. वारकरी माणूस गेला तर टाळमृदंगाच्या गजरात त्याची दिंडीच निघते. पाणी, कापड, खांदे आणि वाट ही चार मात्र सगळीकडे तीच. म्हणून 'विधी' म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्या लेखकाने या कामाकडे नीट पाहिलेच नाही, असे म्हणावे लागते.

वास्तविक आपल्या परंपरेत याची सुरुवात फार मोठी झाली होती. संतचरित्रांतली एक कथा सर्वांना माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली वेठीला धरलेले मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. परंपरेने हे वर्ष इ. स. १३३८ मानले आहे. पुढे नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यात हाडे पुष्कळ, पण चोखोबांची कोणती? नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी लावले. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

या कथेतला चमत्कार श्रद्धाळूंनी घ्यावा. मी तिच्याकडे एक रचना म्हणून पाहतो, आणि मला तीत चमत्काराहून मोठे काही दिसते. एका शिंप्याने महाराची हाडे हातांत घेतली, एकेक करून कानाशी धरली आणि वाटभर वाहून आणली. येथे रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, गावाचेही नाही. चोखोबा आपले म्हणून नामदेव त्यांना शोधायला गेले हे खरे, पण लोकांच्या स्मृतीत हे आपलेपण सिद्ध झाले ते त्या उचलण्याने आणि वाहण्याने. आणि कथा खोटा दिलासाही देत नाही. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. जिवंतपणी जो उंबरठा ओलांडता आला नाही तो मेल्यावरही ओलांडला गेला नाही. एवढ्याशा कथेत आपुलकी किती लांब जाऊ शकली आणि कुठे अडली, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. पुढच्या कथाकारांसाठी हा मोठा वारसा होता.

मग विसाव्या शतकातल्या थोर कृती पाहाव्यात. त्यांत मयताचे काम येते, परंतु बहुधा एकाच रूपात: प्रेत पडून आहे आणि त्याला उचलायला कोणी नाही. हे खोळंबलेले प्रेत म्हणजे भारतीय साहित्यातली एक मोठी प्रतिमा आहे, आणि तिच्या आधारे आपल्या लेखकांनी समाजाची उलटतपासणी केली आहे.

प्रेमचंदांची 'कफन' ही कथा १९३५-३६ मधली. बुधिया बाळंतपणात तडफडून मरते. नवरा माधव आणि सासरा घीसू हे दोघे कफनासाठी गावातून पैसे गोळा करतात आणि त्या पैशांची दारू पितात. कथेचा हा निर्घृण गाभा सर्वांच्या लक्षात राहतो, आणि या दोघांना लेखकाने चांभार का केले, असा रास्त सवाल दलित समीक्षकांनी केला आहे. पण माझे लक्ष जाते ते कथेच्या कडेला. जमीनदार तिरस्काराने का होईना दोन रुपये टाकतो. तासाभरात पाच रुपये जमतात. कुणी धान्य देतो, कुणी लाकूड. हे दोघे बाजारात गेलेले असताना गावची माणसे इकडे बांबू तोडायला लागलेली असतात, आणि बाया येऊन प्रेतापाशी डोळे पुसून जातात. सगळ्यांत विलक्षण म्हणजे गुत्त्यात बसलेल्या घीसूला पक्की खात्री आहे की बुधियाला कफन मिळेल. ज्यांनी आता दिले तेच पुन्हा देतील, फक्त या खेपेला पैसे आपल्या हातात देणार नाहीत. गावावरचा इतका निःशंक विश्वास एखाद्या सज्जन पात्राच्या तोंडी घातला असता तर तो गुळमट झाला असता. प्रेमचंदांनी तो एका निर्लज्ज म्हाताऱ्याच्या तोंडी घातला, आणि त्यातच गावाची स्तुतीही आली आणि निंदाही. जे गाव मेलेल्या बाईला कापड देते ते तिला जिवंतपणी वैद्य देत नाही, हे घीसूलाही कळते. मात्र बांबू तोडणारी ती माणसे कथेत एका वाक्यापुरती येतात. त्यांच्या मनात काय होते, हे प्रेमचंद सांगत नाहीत. त्यांना ते सांगायचे नव्हते.

यू. आर. अनंतमूर्तींची कन्नड कादंबरी 'संस्कार' १९६५ ची. १९७० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात प्राणेशाचार्यांची भूमिका गिरीश कार्नाडांनी केली. दुर्वासपूरच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. त्याने जन्मभर ब्राह्मण्य पायदळी तुडवलेले. पण अग्रहाराने त्याला जातीबाहेर टाकलेले नाही. म्हणजे त्याला जाळावे तर विटाळ, न जाळावे तर कुणाला जेवता येत नाही. पोटात भूक, अंगणात दुर्गंधी, छपरावर गिधाडे आणि मधे पोथ्या उघडून बसलेले प्राणेशाचार्य. नारणप्पाजवळ राहणारी चंद्री खर्चासाठी आपले दागिने पुढे ठेवते, तेव्हा त्याच ब्राह्मणांना अचानक आपापले नाते आठवू लागते. मयताच्या कामात समाजाची परीक्षा कशी होते याचे याहून धारदार चित्र मला ठाऊक नाही.

परंतु प्रेताचे शेवटी काय होते? पोथीत उत्तर सापडत नाही, मारुतीच्या देवळातही सापडत नाही. एका रात्री चंद्री अहमद बारी नावाच्या मासळीच्या व्यापाऱ्याला बोलावते. बैल घ्यायला नारणप्पाने कधीकाळी त्याला पैसे दिलेले असतात. तो गाडी आणतो, दोघे मिळून प्रेत नेतात आणि जाळून टाकतात. ज्या प्रश्नावर अख्खा अग्रहार अडला होता तो एक बाई आणि एक मुसलमान गाडी जोडून सोडवतात. आणि अग्रहाराला त्याचा पत्ताही नसतो. कादंबरीचा नैतिक कळस, माझ्या मते, येथे आहे. पण अनंतमूर्ती तो थोडक्यात आटोपून पुढे जातात. चंद्री गाव सोडते, अहमद बारी अंधारात नाहीसा होतो, आणि उरलेली कादंबरी प्राणेशाचार्यांच्या मनाची होते. मोठ्या लेखकाच्या मोठ्या कृतीबद्दल ही तक्रार करताना मला संकोच वाटतो, पण ती केली पाहिजे: ज्याने विचार केला त्याला कादंबरीने उरलेली सगळी पाने दिली, आणि ज्यांनी काम केले त्यांना एक रात्र.

आपल्या मराठीत या कामाला प्रत्यक्ष हात आहेत हे ज्यांनी दाखवले, त्यांत अण्णा भाऊ साठ्यांचे नाव मी आधी घेईन. 'स्मशानातील सोनं' मधला भीमा वारणेकाठचा धिप्पाड गडी. मुंबईला पोटासाठी आला, उपनगरातल्या खाणीत कामाला लागला, खाण बंद पडली आणि मसणवट्यातली राख चाळून तो सोने शोधू लागला. मयताच्या तोंडात सोने घालण्याची रीत त्याच्या पोटापाण्याला आली. पुढे तो गाडलेली प्रेते उकरू लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो आणि एका रात्री त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. बोटे जातात; आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेत राख, चाळण, ओली माती आणि हाताची बोटे यांना जे वजन आहे ते आपल्या पांढरपेशा मृत्युचिंतनांत कुठेही नाही. पण भीमा एकटा आहे. 'मातीला जाणारी' माणसे मृताला सोने देऊन घरी गेली आहेत, आणि ज्याला काम हवे होते तो मागे राहून त्या मातीत हात घालतो आहे. समाज मेलेल्याला जे देतो ते जिवंताला देत नाही, हे प्रेमचंदांनी कफनाने सांगितले होते. अण्णा भाऊंनी ते सोन्याने सांगितले.

दया पवारांच्या 'बलुतं' ने (१९७८) तर या व्यवस्थेचा पायाच उघडा केला. गावात कुणी मेले की गावोगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा पोहोचवायचा तो महाराने; वेळ-अवेळ, ऊन-पाऊस न बघता. म्हणजे 'मातीला जाणे' ही जी गोष्ट मी वर एवढ्या आदराने सांगितली, तिची पहिली पावले ज्याने टाकायची त्याला त्या तिरडीला हात लावता येत नव्हता. हे वाचल्यानंतर जुन्या गावाच्या एकोप्याचे गोडवे गाणे कुणाही प्रामाणिक माणसाला जड जावे. गावकीचा खांदा हा मायेचा होता तसाच शिक्षेचाही होता. ज्याला वाळीत टाकायचे त्याच्या मयताला जायचे नाही, हे बहिष्काराचे सर्वांत भेदक हत्यार. चौघांची मदत लागतेच, म्हणून चौघांची सत्ता चालते. आपल्या थोर लेखकांनी खोळंबलेल्या प्रेताची प्रतिमा पुन्हा पुन्हा का वापरली, याचे उत्तर येथे मिळते. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते.

सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) या सगळ्यांहून वेगळ्या वाटेने जाते. येथे खोळंबलेले प्रेत स्वतःच बोलते, इतकेच काय कीर्तन करते. भाऊराव कीर्तनकार मेले आहेत; चाळकरी तयारीला लागले आहेत; पण भाऊरावांचा हट्ट असा की मला जुन्याच स्मशानात जाळा, आणि जुने स्मशान तर बंद होते आहे. चाळीच्या मयतातली लगबग, तिचा ठरीव शोक, ठरीव वाक्ये यांची आळेकरांनी जी टवाळी केली ती पाहून पोट धरून हसलेल्या प्रेक्षकांत चाळकरीच अधिक असतील. पण हे नाटक नुसते टवाळीचे असते तर इतकी वर्षे टिकले नसते. मला तर त्यात दोन गोष्टी गंभीर वाटतात. एक, भाऊरावांचा हट्ट. सगळे हास्यास्पद असताना, आपल्या ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांनी आपल्याला पोचवावे ही त्याची इच्छा तेवढी हास्यास्पद वाटत नाही. दुसरी, भाऊरावांच्या बायकोचे डोळे तिरडी उचलणाऱ्यांतल्या 'डावीकडून तिसऱ्या' वर खिळतात ती गोष्ट. प्रेक्षक तेथे हसतात, आणि हसावेच. पण आपल्या रंगभूमीवर एका खांदेकऱ्याकडे कुणी निरखून पाहिले, असा मला आठवणारा हा प्रसंग. आणि त्या खांदेकऱ्याला नाव नाही. त्याची ओळख म्हणजे तिरडीखालची त्याची जागा.

आता या साऱ्या कृती एका ओळीत ठेवल्या की माझे म्हणणे स्पष्ट होईल. आपल्या साहित्याने चार खांद्यांवर खटला भरला आणि तो जिंकला. खांद्यांनी कुणाला नाकारले, कुणाला राबवले, कुठे ढोंग केले, याचा पुरावा त्याने इतका चोख मांडला की त्यावर अपील नाही. पण त्या खांद्यांचे चित्र त्याने काढले नाही. सांगावा नेणारा, बांबू तोडणारी गावची माणसे, गाडी जोडणारा अहमद बारी, डावीकडून तिसरा: ही सगळी पात्रे कृतींच्या कडेला उभी आहेत, आणि प्रत्यक्ष काम मात्र त्यांनीच केले आहे. शास्त्राचा कीस काढणारे, शोक करणारे, पैसे पिणारे आणि व्याख्याने देणारे मधे आहेत.

त्यांत बाईची जागा तर अधिकच पुसट. आमच्याकडे बायांनी स्मशानात जायचे नाही, हा दंडक. घरात अंघोळ घालताना, कुंकू लावताना, ओटी भरताना बाईचे हात चालतात. उंबऱ्याबाहेर पुरुषांचे राज्य सुरू होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले वारले तेव्हा दत्तक पुत्र यशवंताने टिटवे धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी ते टिटवे स्वतः हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नी दिला. येथेही तोच प्रसंग: भाऊबंद वारसाच्या वादात गुंतलेले आणि मयत खोळंबलेले. सात वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, ज्यांना शिवायला सख्खे घाबरत होते अशा रोग्यांना उचलून आणता आणता याच बाईंचा अंत झाला. ज्या हातांनी टिटवे धरले त्याच हातांनी हे केले. हे एका चरित्रातले दोन सुटे प्रसंग म्हणून आपण वाचतो. मला ते एकच काम वाटते. नामदेवांनी जे केले तेच.

कोणी म्हणेल, हे सगळे आता कशाला? आता शववाहिका आहे, विद्युतदाहिनी आहे, गॅसदाहिनी आहे. शहरात एका फोनवर बांबूपासून भटजींपर्यंत सर्व पुरवणारे व्यावसायिक आहेत. ते वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्या घरी दोनच म्हातारी माणसे आहेत त्याने काय करावे? आणि पैसे मोजले की जात विचारली जात नाही, हा फायदा ज्यांना पूर्वी खांदा नाकारला गेला त्यांना चांगला समजतो. पण त्याबरोबर दुसरेही काही घडते आहे. प्रेत पुन्हा खोळंबू लागले आहे. या खेपेला ते शीतपेटीत खोळंबते, मुलगा विमानाने परदेशातून येईपर्यंत, किंवा न आलाच तर त्याला पडद्यावर सगळे दाखवण्याची सोय होईपर्यंत. नारणप्पाच्या प्रेताला कुणी हात लावत नव्हते, कारण विटाळ होईल. आजच्या प्रेताला शेजारी हात लावत नाहीत, कारण कसा लावावा हे त्यांना येत नाही. पहिल्या कारणाचा आपल्याला राग आला आणि त्यातून साहित्य झाले. दुसऱ्या कारणाची आपल्याला अजून जाणीवही नीटशी झालेली नाही.

ती होण्याची एक वेळ येऊन गेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने मरणाचे सगळे तास आपल्या हातांतून काढून घेतले. अंत्यविधीला वीसच माणसे, असा नियम झाला. रुग्णालयातून पिशवीत बांधलेला देह थेट दाहिनीकडे गेला. मुले फाटकाबाहेर उभी राहिली. तेव्हा पालिकेचे कामगार आणि स्वयंसेवक यांनी परक्यांची प्रेते उचलली; पुष्कळ ठिकाणी मुसलमान तरुणांनी हिंदूंना हिंदूंच्या रीतीने अग्नी दिला. अनंतमूर्तींनी ज्याला एक रात्र दिली तो अहमद बारी महाराष्ट्रात दिवसाढवळ्या रांगेने उभा राहिला. त्या दिवसांबद्दल आपण बरेच लिहिले, पण ते बहुतेक फाटकाबाहेर उभे राहिलेल्यांच्या बाजूने लिहिले. ते दुःख खरे होते. परंतु फाटकाच्या आत जे होते, त्यांच्या हातमोज्यांतल्या बोटांची गोष्ट अण्णा भाऊंच्या तोलाने लिहिणारा मला अजून भेटलेला नाही.

माझी समीक्षा येथे मागणी होते, हे मला मान्य आहे. समीक्षकाने जे लिहिले गेले त्याबद्दल बोलावे. जे लिहिले गेले नाही त्याचा हिशेब मागू नये, असा एक संकेत आहे. तो येथे मोडावा लागतो, कारण हे काम जाणणारी पिढी फार काळ थांबणार नाही. 'आपला मृत' म्हणजे कोण, हा प्रश्न आपण आजवर रक्ताला, जातीला आणि पोथीला विचारला. वरच्या सगळ्या कृती नीट वाचल्या तर त्यांचे उत्तर वेगळे आहे: ज्याला आपण उचलले तो आपला. चोखोबा नामदेवांचे झाले, नारणप्पा अहमद बारीचा झाला, तो असाच. हे उत्तर आमच्या लेखकांनी दिले आहे खरे, पण कडेला, ओझरते. कुणीतरी ते मधोमध आणून ठेवले पाहिजे. त्यासाठी गावकीचे गोडवे गाण्याची गरज नाही आणि तिला पुन्हा शिव्या देण्याचीही नाही. फक्त त्या सहा-सात तासांत खोलीतून बाहेर न जाता थांबले पाहिजे.

प्रत्येक आळीत, चाळीत, वाडीवर असा एक जाणता माणूस अजून असतो. कुणाकडेही मयत झाले की बोलावण्याची वाट न पाहता तो सदरा चढवून येतो, न विचारता कोयता मागतो, आणि आडवी काठी कुठे बांधायची हे त्याच्या हातांना ठाऊक असते. घरोघरच्या तरुण मुलांनी आणि मुलींनी त्याच्याकडून ती गाठ शिकून घ्यावी. आणि आमच्या लेखकांनी त्याच्यापाशी जाऊन बसावे. तो सहसा बोलका नसतो. पण दिवाळीचे दिवस आहेत. फराळाचे ताट घेऊन गेलात तर बोलेल.